कान्हेरीच्या पहिल्या पायरीवरच्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला सेवेचे १२० तास भरायचे असतात. त्यासाठी मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आलेली पोरं कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपाशी उतरल्या उतरल्या वर धावतात, कारण गर्दी वर दिसते. तुम्ही आम्हाला खालीच थोपवलंत. ‘वर पोचलेल्याला सांगून काय उपयोग? जे सांगायचं ते पहिल्या पायरीवर,’ एवढंच म्हणालात आणि पावसाळ्यातले सगळे रविवार त्या एका वाक्यावर निभावले. हे पत्र त्या वाक्यासाठी. उघडं लिहिलंय ते अशासाठी, की पुढच्या तुकडीच्याही हाती लागावं.

तिकिटाचंच बघा. बोरिवलीच्या मुख्य दारावरचं तिकीट वनखात्याचं आणि लेण्यांचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. हे दुसरं सहा-एक किलोमीटर आत आल्यावर काढावं लागतं. तोवर माणूस बसच्या रांगेत तिष्ठलेला असतो, कडेवर मूल, छत्रीतून पाणी गळतंय, आणि खिडकीवर ‘पुन्हा पैसे?’ असा सूर लागतो. राग पैशांचा नसतो, आधी कुणी सांगितलं नाही याचा असतो, हे तुम्ही बरोबर हेरलं होतंत. म्हणून दोघांना मुख्य दारावर बसच्या रांगेतच उभं करायला लावलंत. त्यांनी इतकंच सांगायचं: लेण्यांना वेगळं तिकीट आहे, १५ वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही, आत मोबाइलची रेंज येते-जाते म्हणून थोडे सुटे पैसे जवळ ठेवा, आणि परतीची शेवटची बस किती वाजता ते चालकाला विचारूनच उतरा. रांगेतल्या माणसाला ऐकायला वेळ असतो. खिडकीवरच्याला नसतो.

माकडांचं प्रकरण तुम्ही जितकं उकलून सांगितलंत तितकं कुठल्याही फलकावर मावणार नाही. इथल्या माकडाला पिशवी कळते आणि पाकिटाचा चुरचुर आवाज कळतो. म्हणून खाऊ बॅगेच्या तळाशी, कपड्यांखाली. हातात लोंबणारी पातळ पिशवी तर आवतणच. डोळ्याला डोळा लावून बघणं हे त्याच्या लेखी आव्हान. त्यानं दात दाखवले तर ते हसत नसतं, धमकावत असतं. आणि नेमका तेव्हाच आपला पर्यटक सेल्फीसाठी स्वतःचे दात दाखवत पुढे वाकतो! झोंबाझोंबी सुरू झाली तर पिशवी सोडून द्यायची, दोन्ही तळवे उघडून रिकामे दाखवायचे, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरायचं. पळायचं नाही. चावा किंवा ओरखडा असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. ‘एवढंसं तर खरचटलंय’ म्हणणाऱ्याच्या मागे जास्त लागायचं.

माकडांना खायला घालणाऱ्यांना आम्ही आधी कायदा सांगायचो. ते ऐकून हसायचे. तुमचं वाक्य जास्त चाललं: ‘आज तुम्ही हौसेनं केळं द्याल, उद्या ते दुसऱ्याच्या पोराच्या हातातून हिसकावून घेईल.’ केळी मुकाट्यानं परत पिशवीत जायची.

पाऊस लागला की खरी परीक्षा दगडाची. या पायऱ्या बेसाल्टात कोरलेल्या. शेकडो वर्षांच्या पावलांनी त्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. त्या खळग्यात पाणी साठतं, पाण्यात शेवाळ धरतं, आणि सगळे नेमके मधूनच चालतात. तुम्ही पायरीच्या कडेला बोट फिरवून दाखवलं होतंत: कडेला खरखर, मध्ये साबण. करडा, रखरखीत दगड पाय धरतो. काळसर-हिरवी चकाकी दिसली की तिथे पाऊल नको. चढताना सहसा कुणी पडत नाही, पडतात ते उतरताना, टाचेवर भार टाकून. म्हणून उतरताना तिरकं व्हायचं, पाऊल पूर्ण टेकवायचं, एक हात मोकळा ठेवायचा. छत्री एका हातात, मोबाइल दुसऱ्यात, असा माणूस दिसला की त्याला आधी मोबाइल खिशात घालायला लावायचं. झिजलेल्या तळव्याची रबरी चप्पल असेल तर वरच्या लेण्यांचा हट्टच सोडायला सांगायचं. हे पहिल्या पायरीवर ऐकतात. अर्ध्यात आल्यावर अहंकार आडवा येतो.

गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठीची तुमची तोड आम्हाला फार आवडली. १०० हून जास्त लेणी आहेत असं कळलं की त्यांचा चेहरा पडतो. तुम्ही म्हणायचात, ‘पहिली तीन नीट बघा, तुमचं निम्मं कान्हेरी तिथंच झालं.’ यात जरासुद्धा थाप नाही. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य म्हणजे प्रार्थनेचं दालन, त्याच्या ओसरीत दोन बाजूंना उभ्या असलेल्या सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्ती, आतली खांबांची रांग आणि स्तूप, हे सगळं तिकीट खिडकीपासून हाकेच्या अंतरावर. वर गेलेल्या घरच्या मंडळींची वाट बघत आजींना बसायलाही तिथेच कोरडी जागा.

ओढ्याबाबत मात्र तुम्ही कुणाचीच भीड ठेवली नाहीत, ते बरंच केलंत. लेण्यांमधून वाहणारं पाणी घोट्याइतकं दिसतं आणि लोकांना वाटतं, बसूया जरा. पण पाऊस वरच्या डोंगरावर पडत असतो; इथे नुसती भुरभुर असली तरी लोंढा मागून येतो. खुणा तुम्ही पाठ करून घेतल्यात: निवळ पाणी एकदम गढूळ होणं, काटक्या आणि पालापाचोळा वाहून येऊ लागणं, आणि आवाज जड होणं. यातली एक जरी दिसली तरी शिट्टी वाजवायची, मग चप्पल राहो की डबा. पलीकडे अडकलेल्यांनी तिकडेच उंचावर थांबायचं. हातात हात घालून ओलांडायचं धाडस कुणी करायचं नाही, कारण एक घसरला की साखळीच जाते.

तीच गोष्ट पोढ्यांची. भिक्षूंनी पावसाचं पाणी साठवायला खोदलेली ही टाकी पावसाळ्यात काठोकाठ भरतात आणि वर हिरवी साय धरते. दोन-तीन वर्षांच्या पोराला ती हिरवळ वाटते. काठ सरळसोट तुटलेला असतो, उतार नसतोच. म्हणून लहान मूल दिसलं की आईबापांना दोन कामं: पोराच्या मनगटावर बॉलपेननं फोन नंबर लिहायचा आणि पायथ्याशीच त्याचा एक फोटो काढून ठेवायचा. हरवलं तर आजचे कपडे फोटोत दिसतात; घाबरलेल्या आईला मुलानं काय रंग घातलाय तेही धड आठवत नाही. आणि सापडलेल्या मुलाला घेऊन स्वयंसेवकानं फिरायचं नाही. सापडलं तिथेच उभं राहायचं, निरोप दुसऱ्यानं न्यायचा. दोघंही फिरायला लागले की गाठ पडत नाही.

भिंतीवर नाव कोरणाऱ्यांपैकी एखादा अभ्यासू निघतो. ‘नव्वदाव्या लेण्यात पारशांनी कोरलंय ते चालतं का?’ माहिती खरी आहे. इथे आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेले १००९ आणि १०२१ सालचे लेख तिथे आहेत. तुम्ही शांतपणे म्हणायचात, ‘चालतं की. कोरा पहलवीत.’ खिळा खिशात जायचा. (हे उत्तर आम्ही सर्रास वापरतो. उसनं आहे हे इथे कबूल करतो.)

साप निघाला, आग्या मोहोळ उठलं, तर काय, हे थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हीही थोडक्यातच सांगितलंत. सापाच्या दंशावर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी, घड्याळ काढायचं, हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. मधमाश्यांना दगड, धूर आणि उग्र अत्तर खपत नाही. उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून लांब पळायचं. वन्यप्राण्यांबाबत काहीही असो, वनखात्याचा १९२६ हा क्रमांक.

संध्याकाळची उतरंड मात्र तपशिलात सांगायला हवी, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. शेवटच्या बसच्या दीड तास आधी दोघांनी सर्वांत वरच्या लेण्यापासून खाली यायला सुरुवात करायची. एकानं पायवाट धरायची, दुसऱ्यानं प्रत्येक लेण्यात डोकवायचं. अंधाऱ्या खोलीत थेट टॉर्च मारायचा नाही. आधी बाहेरून हाक, मग टाळी, मग उजेड. आत कुणी डुलकी काढत असतं, कुणी दोघं बसलेली असतात. माणसं दचकली की ओल्या दगडावर धडपडतात. एकदा तपासलेल्या लेण्यात मागे कुणी शिरू नये म्हणून आपल्या मागे एकही माणूस ठेवायचा नाही. बस चुकलेल्यांना ‘चालत जा, रस्ता सरळ आहे’ असं कधीही सांगायचं नाही. बिबट्याची वेळ तीच. चालायची वेळ आलीच तर सगळे एका घोळक्यात, मुलं मधे, बोलत बोलत, आणि झुडपाच्या कडेला कुणी एकट्यानं उकिडवं बसायचं नाही. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, हे तुम्ही स्वतः खाली बसून दाखवलंत, तेव्हा हसणारे आम्ही गप्प झालो.

हे सगळं तुमच्या कामात मोडत नव्हतं. कॉलेजच्या पोरांना शिकवण्याचे तास तुमच्या कुठल्याच वहीत लागत नाहीत. आमच्या वहीत मात्र ते आमच्या नावावर लागले, याची थोडी लाज वाटते.

तुमची लाल दोरीची शिट्टी अजून आमच्याकडेच आहे. सोमवारी उद्यान बंद, म्हणून मंगळवारी सकाळी पहिल्या बसनं आणून देतो. बरोबर पुढच्या तुकडीतली चौघं असतील. त्यांना वर धावू देऊ नका.

आपले,
पावसाळी रविवारच्या तुकडीतले स्वयंसेवक