नरसाळं अजून माझ्याकडेच आहे, काका

आदरणीय काका,
सा. न.

नाव लिहीत नाही. निघताना तुम्हीच म्हणाला होतात, "नावबिव कुठे टाकू नका ताई, मला दोनच हात आहेत." तरी पत्र उघडं लिहितेय. जुनी ऑटोमॅटिक बाळगणारी माझ्यासारखी माणसं बरीच आहेत, आणि गिअर घसरायला लागला की त्यांना पहिला आकडा ऐकवला जातो तो लाखातला.

आठवण पटावी म्हणून सांगते. मे महिना, गुहागरहून कराडला परत निघालेली २००७ ची करडी होंडा सिव्हिक, मागच्या सीटवर सासूबाई आणि आंब्याच्या दोन पेट्या. पोफळी मागे टाकून कुंभार्ली चढायला लागलो आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. आरपीएमचा काटा चार हजारावर, गाडी बैलगाडीच्या चालीने. एका वळणावर कशीबशी फिरवली आणि चिपळूणला परत उतरलो. बहादूरशेख नाक्यावरच्या चहावाल्याने तुमचं गॅरेज दाखवलं. "मस्कतला होते, ऑटोमॅटिक त्यांनाच कळते," म्हणाला.

मी उतरताच जाहीर केलं की गिअरबॉक्स गेला. तुम्ही बॉनेटला हात न लावता विचारलंत, "शेवटचं ऑइल कुणी घातलं? आणि मोजलं कसं?"

दुसरा प्रश्न तोवर मला कुणीच विचारला नव्हता. झालं होतं असं, की निघायच्या पंधरा दिवस आधी एका गॅरेजात (कुठल्या ते जाऊ दे) इंजिन चालू ठेवून गिअरची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली, "कमी आहे" म्हणत एक लिटर लाल ऑइल ओतलं, आणि "सगळ्या ऑटोमॅटिकला हेच चालतं" असं सांगून पाठवलं. तुम्ही हसलात. मग इंजिन सुरू करून रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत थांबलात, इंजिन बंद केलंत आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिलात. मिनिटभराने डिपस्टिक ओढलीत. "होंडा बंद करून बघायची, एक ते दीड मिनिटाच्या आत. टोयोटा असती तर चालू इंजिनावर बघितली असती. चालू होंडात ऑइल कमीच दिसणार." ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं, आणि त्यावर ताकासारखा बारीक फेस. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात ही रीत छापलेली आहे. ते पुस्तक आमच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये वर्षानुवर्षं पडून होतं, हे कबूल करायला हवं.

त्या फेसाचं तुम्ही जे समजावलंत त्यासाठी खरं तर हे पत्र. आणि समजावलंत मला, माझ्या खांद्यावरून माझ्या नवऱ्याला नव्हे! गाडी माझी, चालवते मी, डाव्या गुडघ्याने क्लच मारवत नाही म्हणून ऑटोमॅटिक घेतली मी, आणि तरी गॅरेजवाले उत्तर देतात ते त्याला. तुम्ही म्हणालात, "साध्या गिअरबॉक्समध्ये ऑइल म्हणजे वंगण. इथे ऑइल म्हणजे हात. आतल्या क्लचच्या प्लेटा तेच दाबतं. जास्त भरलं की आतली दातेरी चाकं ते घुसळतात, त्यात हवा जाते. हवा दबते, ऑइल दबत नाही. फेसाने दाबाल तर हात ढिला पडणार." घाटात प्लेटा पकडत नव्हत्या त्या यामुळे. त्यात ऑइलही परकं. कुठल्या ऑइलात प्लेटा किती पटकन पकडायच्या, किती घसरू द्यायच्या, हे त्यात मिसळलेल्या रसायनांवर ठरतं आणि प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा, हेही तेव्हाच कळलं. रंग लाल म्हणजे ऑइल एक, असं नाही.

मी पुस्तक उघडून मोठ्या ऐटीत दाखवलं की इथे एटीएफ-झेड१ हे ऑइल लिहिलंय. तुम्ही म्हणालात, "ते जुनं. कंपनीनेच त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ आणलंय, तेच घालायचं. आणि सीव्हीटीचं, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं, चुकूनही नको, ती जातच निराळी." चिपळुणात ते मिळेना. तुम्ही कोल्हापूरला फोन लावून पार्सल मागवलंत, ते दुसऱ्या दिवशी येणार होतं. मग लॉज शोधतो म्हणालो तर काकूंनी परस्पर ताटंच मांडली.

ती सोलकढीची वाटी मी विसरणार नाही. ती उचलून तुम्ही म्हणालात, "२०२१ च्या जुलैत वाशिष्ठी गावात शिरली, तेव्हा ज्या ऑटोमॅटिक बुडाल्या त्यांच्या गिअरबॉक्समधून हे निघत होतं. अगदी हाच रंग. असं ऑइल दिसलं की इंजिन सुरूसुद्धा करायचं नाही." पूर नसला तरी रेडिएटर आतून फुटून त्याचं पाणी ऑइलात मिसळलं की असंच होतं, हे वर सांगितलंत. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली ती ठेवलीच.

आमचं ऑइल मात्र तपकिरी होतं. पांढऱ्या कागदावर थेंब पाडून मला हुंगायला लावलंत. जळका वास नव्हता. तरीही तुम्ही हातचं राखूनच बोललात: "प्लेटा झिजल्या असतील तर नवं ऑइल त्या भरून काढणार नाही. खालचा बोल्ट उघडल्यावर बघू." दुसऱ्या दिवशी तो उघडलात. त्याच्या चुंबकावर काजळासारखा मऊ करडा लेप होता. बोटाने पुसून तो माझ्या तळहातावर लावलात. "हे वयाचं. टोचणारा चुरा निघाला असता तर मीच म्हटलं असतं, गेला." तोपर्यंत मी श्वास रोखून उभी होते, हे तुम्हाला कळलं नसावं.

निघालेलं ऑइल पाण्याच्या लिटरच्या बाटल्यांमध्ये मोजलंत. निघालं तेवढंच भरायचं हा नियम, पण आमच्यात आधीच जादा होतं, म्हणून २.४ लिटर भरून बाकी डिपस्टिकवर ठरवलंत. बोल्टाचा ॲल्युमिनियमचा वॉशर नवा. डिपस्टिक पुसायला मी कॉटन वेस्टचा बोळा पुढे केला तेव्हा जवळजवळ ओरडलात. त्याचा एक धागा आतल्या बारीक वाटांमध्ये अडकला तर पंचाईत. बनियनचा धुतलेला तुकडा वापरायचा.

एकूण ऑइल सहा लिटरच्या आसपास, त्यातलं एका वेळी निघतं ते २.४ लिटरच, उरलेलं बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) अडकून राहतं. म्हणून तीनदा बदलायचं, मध्ये गाडी चालवून. मशीन लावून एकदम सगळं का नाही काढत, असं विचारलं तर म्हणालात, "एवढ्या जुन्या गाडीला मी नाही करत. बसलेला गाळ दाबाने उठवून वाल्वमध्ये कशाला पाठवायचा?" घाट चढून कराडला आलो ते एकदाही न घसरता. दुसरा बदल माझ्यासमोर इथल्या एका मुलाने केला. तिसरा मी स्वतः केला, जॅकवर भरवसा न ठेवता चारही चाकं स्टँडवर समतल घेऊन, तुम्ही बजावलं होतंत तसं. माझ्या हिशेबाने आता पाचात जवळजवळ चार भाग ऑइल नवं आहे.

खरं सांगायचं तर सकाळी गार गाडीत दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना अजून किंचित हिसका बसतो. तुम्ही म्हणाला होतात तो राहील, त्याच्या मागे लागू नका. लागत नाही. दर ३०,००० किलोमीटरला एकदा २.४ लिटर बदलायचं, हे डॅशबोर्डच्या आत चिकटवून ठेवलंय.

तुम्ही मजुरी घेतलीत ती फक्त एका बोल्टाची. दोन दिवस गॅरेजची जागा अडवली, काकूंच्या हातची कुळथाची पिठी खाल्ली, त्याचं काहीच नाही. आंब्याची एक पेटी ठेवून आलो तर "चिपळुणात आंबे देता?" म्हणून काकू हसल्या. बरोबरच होतं त्यांचं.

आणि ते लांब नळीचं निळं नरसाळं. आंब्यांच्या गवतात गुंडाळलेलं घरी आल्यावर सापडलं. तिसऱ्या बदलाला तेच वापरलं, डिपस्टिकच्या भोकात दुसरं कुठलं नीट बसतच नाही. धुऊन, वाळवून, तोंडाला पिशवी बांधून ठेवलंय. गणपतीत गुहागरला येऊ तेव्हा आणून देते. तोवर काम अडत असेल तर कळवा, एसटीच्या पार्सलने पाठवते.

आपली,
करडी सिव्हिकवाली
कराड