मांजराला शिक्षा नको, तपासणी हवी

महोदय,

घरातले मांजर लिटर बॉक्स (त्याच्या शौचासाठी ठेवलेली वाळूची पेटी) सोडून गादीवर लघवी करू लागले, की त्याला खोडकर ठरवून मारले जाते किंवा दूर नेऊन सोडले जाते, याचे फार वाईट वाटते. मूत्राशयाचा दाह, खडे किंवा म्हातारपणीची सांधेदुखी यांमुळे पेटीत वेदना झाल्या, की मांजर त्या वेदनांचा संबंध पेटीशीच जोडते आणि तिच्याकडे फिरकत नाही. बोक्याला वारंवार जोर करूनही लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो, म्हणून त्याला तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. आजार नसल्यास पेटी रोज साफ करावी व सुगंधी वाळू टाळावी. आपल्या पेठांतील लहान घरांत पेटी बहुधा वॉशिंग मशीनशेजारी असते. त्या आवाजानेही मांजर बिचकते.

— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर