चिराखानचे शंख-शिंपले आणि त्यांची लेबले : केंद्रीय खाण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय खाण मंत्री महोदय,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी धुळे जिल्ह्यातील निवृत्त प्राध्यापक आहे. एकतीस वर्षे मी भूशास्त्र शिकवले आणि त्यातील बरीचशी वर्षे सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात विद्यार्थ्यांच्या सहली नेल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाग नावाच्या गावाच्या परिसरात डायनोसॉरच्या जीवाश्मांसाठी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु त्याच परिसरात पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचे, म्हणजे शंख-शिंपले, अमोनाइट (वेटोळ्या शंखाचे, आता नामशेष झालेले सागरी प्राणी), ब्रायोझोआ (वसाहतीने राहणारे सूक्ष्म जलचर) आणि एकिनॉइड (काटेरी गोल कवचाचे सागरी प्राणी) यांचे जे थर उघडे पडलेले आहेत, त्यांचा अभ्यास डायनोसॉरच्या अंड्यांची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. तरीही त्यांच्याभोवती ना कुंपण आहे, ना साधा फलक.

आम्हा खानदेशी माणसांना काळ्या कातळाची सवय आहे. विहीर खणा, घाट चढा किंवा तोरणमाळच्या पठारावर उभे राहा, पायाखाली सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर असतात. बिजासनचा घाट चढून सेंधव्याकडे गेलो आणि बडवानीजवळ नर्मदा ओलांडून कुक्षीमार्गे बागेला पोहोचलो, की या कातळाखालचे जग उघडे पडते. चिराखान गावाजवळच्या लालसर चुनखडीचा एक ढलपा हातात घेऊन त्यावर भिंग धरावे. काडेपेटीतील काडीएवढ्या जाडीच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात आणि प्रत्येक फांदीवर सुईच्या टोकाने पाडावीत तशी छिद्रे ओळीने मांडलेली असतात. प्रत्येक छिद्र हे एका सूक्ष्म प्राण्याचे घर होते. जुन्या अभ्यासकांनी या खडकाला ‘कोरलाइन लाइमस्टोन’, म्हणजे प्रवाळांचा चुनखडक, असे नाव दिले. प्रत्यक्षात तो मुख्यतः ब्रायोझोआंचा आहे, तरी नाव मात्र तेच टिकले. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक चिंचोळा फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता, हे आपल्याला या फांद्यांनी आणि त्यांच्या शेजारच्या शिंपल्यांनी सांगितले.

या समुद्राची कथा कोणी एका माणसाने लिहिलेली नाही. निमाडात राजकीय अधिकारी असलेल्या कीटिंग यांनी गोळा केलेले नमुने विलायतेला गेले आणि मार्टिन डंकन यांनी १८६५ मध्ये बागेच्या एकिनॉइडांचे वर्णन प्रसिद्ध केले. १८६९ मध्ये विल्यम ब्लॅनफर्ड यांचा तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यांच्या भूरचनेवरील ग्रंथ सर्वेक्षणाने छापला. तापीकाठच्या आम्हा लोकांच्या दृष्टीने तो आमच्या जमिनीचे पहिले सविस्तर शास्त्रीय वर्णन आहे. त्यानंतर १८८४ मध्ये प्रमथनाथ बोस यांचा ग्रंथ आला. १८८० मध्ये सर्वेक्षणात अधिकारी म्हणून रुजू झालेले हे बंगाली गृहस्थ आज मयूरभंजातील लोहखनिजाच्या शोधामुळे आणि त्यासंबंधी जमशेटजी टाटांना लिहिलेल्या पत्रामुळे ओळखले जातात. परंतु बागेच्या थरांची खालून वर अशी मांडणीही त्यांनीच केली : तळाशी निमाड वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडक, मग देवला-चिराखानचा मार्ल (चिकणमाती मिसळलेला चुनखडक) आणि सर्वांत वर कोरलाइन चुनखडक. पुढे व्रेडेनबर्ग यांनी १९०७ च्या सुमारास येथील अमोनाइटांचा अभ्यास केला आणि त्यांतल्या एका वंशाला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, ‘नामाडोसेरास’ असे नाव दिले. नामाडस हे नर्मदेचे प्राचीन ग्रीक नाव आहे.

आणि मग आपल्याच भाषेतला माणूस या कामाला लागला. जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३० च्या दशकात बागेच्या एकिनॉइडांवर आणि ब्रॅकिओपोडांवर, म्हणजे दोन शिंपांच्या एका प्रकारच्या सागरी प्राण्यांवर, लेख लिहिले. १९३८ मध्ये त्यांनी येथील बोराएवढ्या, कंगोरेदार ब्रॅकिओपोडांसाठी ‘माळविऱ्हिंकिया’ हा नवा वंश स्थापन केला. ज्या संस्थेला आज आपण आघारकर संशोधन संस्था म्हणतो, त्या पुण्याच्या संस्थेत त्यांनी आणि त्यांचे सहकारी बडवे यांनी पुढची कित्येक वर्षे या शिंपल्यांचे काम चालू ठेवले. माळव्याच्या नावाचा वंश, नर्मदेच्या नावाचा वंश आणि त्यांचे वर्णन करणाऱ्यांत एक मराठी माणूस, ही गोष्ट वर्गात सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा चढत असे, हे मी लपवत नाही.

इतर प्रांतांचा इतिहासही याच प्रकारचा आहे. तिरुचिरापल्लीच्या परिसरात के आणि कनलिफ यांनी गोळा केलेले जीवाश्म १८४६ मध्ये एडवर्ड फोर्ब्स यांनी भारतात कधी पाऊल न ठेवता वर्णिले. त्यानंतर फर्डिनांड स्टोलिच्का नावाच्या मोरेव्हियन तरुणाने दक्षिण भारताच्या क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडातील, प्राण्यांवर ‘पॅलिऑन्टोलॉजिया इंडिका’ या सर्वेक्षणाच्या मालिकेत मोठमोठे खंड लिहिले आणि १८७४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखात प्राण सोडला. कच्छच्या अमोनाइटांवर वागेन यांनी लिहिले आणि स्पॅथ यांनी १९२७ ते १९३३ या काळात त्या सर्वांची फेरतपासणी केली. आपल्या देवघरांतील शाळिग्रामही याच अमोनाइटांचे भाऊबंद आहेत.

महोदय, या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती फेरतपासणी. एकिनॉइड पाहून डंकन यांनी बागेचे थर क्रिटेशसमधील सिनोमेनियन या टप्प्याचे ठरवले. पुढे अमोनाइटांच्या अभ्यासातून चुनखडक त्याहून अलीकडचा, ट्युरोनियन-कोनिएशियन या पुढच्या टप्प्यांचा असल्याचे दिसून आले. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये लाव्ह्याच्या थरांमधील गोड्या पाण्यातील शंखांवरून ते थर तृतीय कल्पाचे, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरच्या काळाचे, ठरवले. त्यांपैकी एक शंख माल्कमसन यांनी १८३७ मध्येच विद्वानांसमोर आणला होता आणि त्याचे ‘फायसा प्रिन्सेपाय’ हे नाव आमच्या पिढीने पाठ केले आहे. हिस्लॉप यांचे मत दीर्घकाळ टिकले आणि नंतर किरणोत्सर्गी कालमापनाने व अन्य जीवाश्मांनी ते बदलले. हिस्लॉप यांच्या अभ्यासाचे मोल त्यामुळे उणे होत नाही, कारण कोणता शंख कोठे मिळाला हे त्यांनी लिहून ठेवले होते. नमुना, त्याचे लेबल आणि तो जिथे मिळाला ती उघडी जागा, या तिन्ही गोष्टी शाबूत असतील तरच शंभर वर्षांनी येणारा अभ्यासक आधीच्याची चूक दाखवू शकतो.

आमच्या धुळ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली आणि त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. तारीख आणि ठिकाण नसलेल्या पत्राची काय अवस्था होते, हे तेथील प्रत्येक अभ्यासक जाणतो. जागा हरवलेला जीवाश्म हा त्याच जातीचा अनाथ कागद आहे.

मी हे अनुभवाने लिहितो. एका महाविद्यालयात आमच्या पिढीने जमवलेले सत्तरेक नमुने लाकडी खणांत, पुठ्ठ्याच्या लेबलांसह ठेवलेले होते. इमारतीच्या रंगकामाच्या वेळी खण रिकामे करण्यात आले, दगड सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरले गेले आणि लेबले केराबरोबर गेली. मी पोते उलटे केले तेव्हा त्यातून माळविऱ्हिंकिया निघाली. तिच्या बारीक कंगोऱ्यांमध्ये सिमेंटची पूड बसली होती. ती ब्रशने झाडून काढता आली, पण ती कोणत्या थरातील होती हे सांगणे आता कोणालाही शक्य नाही. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. ते दगड म्हणजे दगडच, असे सर्वांनी धरले होते. त्यानंतर काही वर्षांनी, खोऱ्यातील एका गावाजवळ ज्या उघड्या थरापाशी मी मुलांना बसवून आकृत्या काढायला लावत असे, त्याचा निम्मा भाग रस्त्याच्या भरावासाठी खोदून नेलेला पाहिला.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की बाग परिसरातील ज्या उघड्या थरांवर बोस, व्रेडेनबर्ग आणि चिपळूणकर यांचे काम उभे आहे, ते भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मोजून, नकाशावर आखून राष्ट्रीय भूवैज्ञानिक वारसास्थळे म्हणून घोषित करावेत. छत्तीसगडात मनेंद्रगडजवळ सागरी शिंपल्यांचे असे एक जीवाश्मस्थळ सर्वेक्षणाने आधीच जपलेले आहे, त्यामुळे हे कोणत्याही अर्थाने नवे धाडस नाही. आपल्या मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसास्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला होता. त्या कायद्यात अपृष्ठवंशी जीवाश्मांच्या थरांचा स्पष्ट शब्दांत उल्लेख असावा, कारण शिंपल्याला वाघासारखे किंवा डायनोसॉरसारखे आपले रूप दाखवून स्वतःची बाजू मांडता येत नाही. स्थानिक ग्रामपंचायतींना विश्वासात घेतल्याशिवाय मात्र कुंपण घालू नये. त्या गावांतील शेतकऱ्यांनी आजवर आम्हाला बांधावर बसवून पाणी पाजले आहे, आणि थर राखायचे असतील तर तेच राखतील.

दुसरी विनंती जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी आहे. सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहातील मूळ नमुन्यांच्या प्रतिकृती आणि त्यांची मूळ लेबले जशीच्या तशी नोंदवलेली मराठी सूची धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथील महाविद्यालयांना मिळावी. आदिवासी पाड्यातून शिकायला आलेल्या मुलाला नर्मदेच्या नावाचा अमोनाइट पाहण्यासाठी कोलकात्याला जाण्याचा खर्च झेपत नाही, लंडन तर दूरच राहिले.

माझ्याकडे बागेच्या सहलींच्या सहा वह्या आहेत. त्यांत चिराखान आणि परिसरातील थरांच्या आकृत्या, पावलांनी मोजलेली अंतरे आणि कोणत्या झाडापासून किंवा विहिरीपासून मोजणी सुरू केली याची नोंद आहे. काही झाडे आता उरली नसतील, विहिरी बहुधा असतील. सर्वेक्षणाचा जो अधिकारी या कामावर नेमला जाईल त्याच्या हाती या वह्या सोपवण्यास आणि प्रकृती साथ देईल तोवर त्याच्याबरोबर त्या जागा शोधण्यास मी तयार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त भूशास्त्र प्राध्यापक,
जि. धुळे