मी सही का करत नाही

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तात्यांच्या घरच्यांनी कूळ म्हणून आपली जमीन मागितलीय, त्या दाव्यासाठी वकिलांनी पाठवलेला प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचला. त्यात तात्या आपल्याकडे रोजंदारीवर होते आणि जमीन आपणच कसत होतो, असं लिहिलंय. त्यावर मी सही करणार नाही. फोनवर तू चिडलास आणि माझं बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून लिहितोय.

वकिलांना 'मजूर' का हवाय ते मला कळतं. 1948 च्या कूळ कायद्यात कलम 4 प्रमाणे दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा कूळच मानला जातो. मजूर त्यातून वगळलाय. पण मजुरी रोख किंवा धान्यात असेल तरच. पिकाचा वाटा घेणारा मजूर होत नाही. आणि तात्या अर्धेलीने करत होते हे अख्ख्या वाडीला ठाऊक आहे. मळणी झाली की रास खळ्यावर पडायची. आधी बियाणं बाजूला निघायचं. मग तात्या 'लाभ' म्हणत पहिली पायली भरायचे, ती आपली, दुसरी त्यांची. पेंढाही निम्मा. आजी पडवीत बसून मोजणी ऐकायची आणि पायली उणी भरली असं वाटलं की तिथूनच ओरडायची. मजुराची मजुरी अशी मोजतात होय?

सातबाराही आपल्या बाजूचा नाही. जुन्या पीकपाहणीत 'जमीन करणाराचे नाव' या रकान्यात वर्षानुवर्षं तात्याच आहेत. महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात, म्हणजे ती खोटी पाडायची ती आपण.

लढायचंच तर वेगळा मुद्दा आहे. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, बहुतेक कुळं कायद्याने मालक मानली गेली. आजी विधवा, म्हणून आपल्या जमिनीची खरेदी लांबली. तिच्या पश्चात खरेदीचं मुदतीत कळवायचं होतं, ते कुळाने कळवलं नाही, असं खुशाल मांड. त्यात खोटं काही नाही. मात्र सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये विधवेच्याच जमिनीच्या प्रकरणात म्हटलंय की वारसांनी कुळाला आधी कळवायला हवं. आपल्या घरातून तसं पत्र गेलेलं नाही. वकिलांना विचारलं तर नुसतं 'बघू' म्हणाले.

तुझा खरा राग किमतीवर आहे. रस्ता झाल्यावर भाव कुठल्या कुठे गेले, आणि कायद्याने मिळणार आकाराच्या, म्हणजे सरकारी शेतसाऱ्याच्या, 20 ते 200 पट. तुझं महिन्याचं पेट्रोलही त्यात भागायचं नाही. मलाही ते बोचतं. पण तुझ्या मित्राची युक्ती, तात्यांच्या मुलाला पैसे देऊन स्टॅम्पपेपरवर हक्क सोडल्याचं लिहून घ्यायची, तीही कुचकामी. कुळाने हक्क सोडला तर तो लेखी, आणि तहसीलदारांनी स्वतः पडताळून पाहावा लागतो. बाहेरच्या कागदाला कोण विचारतो?

तहसीलदारांसमोर मी पाहिलंय तेच सांगेन. निकाल विरुद्ध गेला तर प्रांतांकडे अपील, पुढे महसूल न्यायाधिकरण. तिथवर जायचं का ते तू ठरव, खर्च मी देईन. येताना आजीच्या मागच्या वारस फेरफाराची नक्कल काढून आण. वकिलांकडच्या प्रतीवर तारीख लागत नाही, आणि मुदतीचा सगळा वाद तिच्यावरच आहे.

तुझे,
बाबा