ओस्तारा पाच हजार वर्षं जुना नाही, आणि नसला तर बिघडलं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्चमधे आपल्या पुरवणीत युरोपातल्या पेगन लोकांच्या (ख्रिश्चन धर्माआधीच्या निसर्गपूजेवरून प्रेरणा घेऊन आज नव्याने ती करणारे) वसंत संपाताच्या सणावर, म्हणजे मार्चमधे दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाच्या ओस्तारावर, छोटा लेख आला होता. फोटो एकदम भारी होता, पण मजकूर वाचून राहवलं नाही म्हणून उशिरा का होईना लिहितोय. "पाच हजार वर्षांपासून अखंड चालत आलेला सण" असं त्यात ठोकून दिलंय आणि पुरावा म्हणून स्टोनहेंज, म्हणजे इंग्लंडमधलं प्रचंड दगडांचं प्राचीन वर्तुळ. मी बरीच वर्षं इंग्लंडमधे सॉल्सबरीजवळ राहतो, स्टोनहेंज इथून गाडीने वीसेक मिनिटांवर आहे, आणि माझी ऑफिसमधली एक मैत्रीण स्वतः पेगन आहे त्यामुळे हे सगळं जवळून बघायला मिळतं. गंमत अशी की त्यांच्यातले जरा वाचणारे लोक असा दावा करतच नाहीत, आपणच त्यांच्या वतीने करून मोकळे होतो.

पहिलं म्हणजे स्टोनहेंजचे दगड मार्चच्या संपातासाठी लावलेलेच नाहीत, त्यांचा अक्ष जूनमधल्या सर्वात मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे आणि डिसेंबरमधल्या सर्वात लहान दिवसाच्या सूर्यास्ताकडे आहे. २० मार्चच्या आसपास पहाटे तिथे लोक जमतात हे खरंय, इंग्लिश हेरिटेज संस्था वर्षातून चार वेळा सूर्योदयाला दगडांच्या आत फुकट जाऊ देते त्यातली ही एक वेळ, पण ही आजची प्रथा झाली. खरंच संपाताचं बघायचं तर आयर्लंडमधे मीथ काउंटीत लॉक्रू नावाच्या टेकड्या आहेत, तिथल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात त्या दिवसांत उगवतीचं ऊन बोळातून आत शिरून मागच्या कोरीव दगडावर पडतं. मात्र ते बांधणारे लोक त्या दिवशी काय करत होते, कोणाला पूजत होते, हे सांगणारं एक अक्षर मागे राहिलेलं नाही.

आता ओस्तारा. बीड नावाच्या इंग्लिश साधूने इ.स. ७२५ मधे कालगणनेवर ग्रंथ लिहिला, त्यात एवढंच की पूर्वी एका महिन्याला एओस्त्रे देवीचं नाव होतं आणि त्या महिन्यात तिचे उत्सव व्हायचे. बस्स. ससा नाही, अंडी नाहीत, संपाताचा उल्लेख नाही. मग थेट १८३५ मधे जर्मनीत याकोब ग्रिमने (परीकथावाल्या दोन भावांपैकी एक) त्यावरून अंदाज बांधला की जर्मन लोकांचीही अशी देवी असणार आणि तिला ओस्तारा म्हटलं. ससा तिला त्यानंतर चिकटला. इंग्लंडात जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ मधे रद्द झाला, मग जेराल्ड गार्डनर यांची विका (जादूविधी मानणारा नवा पेगन पंथ) आणि रॉस निकोल्स यांचे ड्रुइड लोक (प्राचीन केल्टिक पुरोहितांचं नाव घेणारा दुसरा पेगन पंथ) उघडपणे पुढे आले, त्या दशकात आठ सणांचं वर्षचक्र बसलं आणि १९७४ मधे एडन केली नावाच्या अमेरिकन माणसाने कॅलेंडर करताना मार्चच्या सणाला ओस्तारा हे नाव दिलं. म्हणजे सणाचं हे नाव माझ्या मोठ्या भावापेक्षा लहान आहे!

पण म्हणून हा सण खोटा आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, उलट आपल्याकडे हे समजायला अवघड जाऊ नये. सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकातला, तो नक्की कोणी सुरू केला यावर पुण्यात अजून भांडणं होतात, पण नवा म्हणून कोणी दहा दिवस घरी बसतं का? 

मुंबईत डिसेंबरमधला लहानात लहान दिवस सुद्धा जवळपास अकरा तासांचा असतो, त्यामुळे संपात आला काय गेला काय आपल्याला पत्ता लागत नाही. इथे डिसेंबरमधे दिवस जेमतेम आठ तासांचा, ऑफिसला जाताना अंधार आणि येताना पण अंधार, त्यात पाऊस, डोकं उठतं अक्षरशः. आणि मार्चमधे उजेड रोज जवळपास चार मिनिटांनी वाढतो, आठवड्यात फरक डोळ्यांना दिसतो. त्या वेळी आनंद साजरा करावासा वाटायला पाच हजार वर्षांची परवानगी कशाला हवी?

ते लोक करतात तरी काय, तर माझ्या मैत्रिणीचा ग्रुप बागेत गोल करून उभा राहतो, पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी अशी चार दिशांना हाक मारतात, मधे टेबलावर डॅफोडिल आणि कांद्याच्या सालीत उकडून तांबूस केलेली अंडी (रंग इतका सुंदर येतो की मी घरी करून बघितला, बायको म्हणाली कांदे आधीच महाग), मग छोट्या कुंड्यांमधे बिया पेरतात आणि शेवटी केक आणि बिअर. लंडनमधे ड्रुइड ऑर्डरचे लोक टॉवर हिलवर भर दुपारी पांढऱ्या झग्यांत विधी करतात, तुमचा फोटो बहुतेक तिथलाच असावा. आणि हो, फक्त याच दिवशी अंडं उभं राहतं ही लेखातली चौकट पण चुकीची आहे, धीर असेल तर कुठल्याही दिवशी राहतं. ती गोष्ट अमेरिकेत १९४५ मधे लाइफ मासिकातल्या चीनच्या बातमीवरून पसरली आणि त्या बातमीतला चिनी सण फेब्रुवारीतला होता.

लेखाच्या शेवटी "हाच आपला गुढीपाडवा" असं वाक्य आहे, ते व्हॉट्सॲपवरून उचललेलं वाटलं. पाडवा चंद्राच्या तिथीवर चालतो, कधी मार्चमधे कधी एप्रिलमधे. संपाताशी जुळणारं काही दाखवायचं असेल तर मुंबई-पुण्यातल्या पारशी लोकांचा २१ मार्चचा जमशेदी नवरोज आहे ना. शिवाय आपलं सरकारी राष्ट्रीय पंचांग, शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून आलेलं, त्याचा १ चैत्र मुद्दाम संपाताच्या लगेच नंतर ठेवलाय, २२ मार्चला, लीप वर्षात २१ ला. ते १९५७ मधे लागू झालं, म्हणजे जवळपास त्या आठ सणांच्या चक्राच्याच वयाचं, आणि गॅझेट सोडलं तर ते कोणी बघत नाही हे आपलं दुर्दैव.

तर पुढच्या मार्चमधे यावर परत लिहिणार असाल तर जरूर लिहा, फक्त "हजारो वर्षं" काढून टाका. आकडा हवा असेल तर इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी स्वतःला पेगन म्हणून नोंदवलंय, २०११ मधे ५७ हजार होते. आणि "जगभर २० मार्चला" असं पण छापू नका, कारण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधले पेगन हाच सण सप्टेंबरमधे करतात, त्यांच्याकडे मार्चमधे पानगळ चालू असते.

आपला,
एक जुना वाचक
(मूळ नाशिक, सध्या सॉल्सबरी)