काकींच्या चुलीबद्दल

दापोली

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले तिन्ही चुलींचे फोटो पाहिले. "यातली एक सांग, आजच मागवतो" म्हणालास, पण हे फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक सांग, काकींना विचारलंस का? चूल घेणार तू ठाण्यात बसून आणि तिच्यापुढे बसणार त्या. घरात गॅस आहेच. त्यांना चूल लागते ती दोनच कामांना: पहाटे न्हाणीतलं पाणी आणि दोन्ही वेळची भाकरी. या दोन कामांना लागणारा जाळ एक नव्हे, आणि सगळी गोम तिथंच आहे.

खोक्यावर 35 टक्के कार्यक्षमता छापलीय. आकडा खोटा असेल असं म्हणत नाही. आपल्या मातीच्या चुलीत लाकडाची जेमतेम दहा-पंधरा टक्के धग भांड्याला लागते. बाकीची भिंतींना, कौलांना आणि पुढ्यात बसलेल्या बाईच्या तोंडाला. आयएस 13152 या भारतीय मानकात बिनपंख्याच्या चुलीला किमान 25 आणि जाळाला वारा घालणाऱ्या पंख्याच्या चुलीला किमान 35 टक्के लागतात. पण हे मोजतात ते भांड्यात पाणी तापवून. भाकऱ्या भाजून कुणी मोजत नाही!

आता काकी भाकरी कशी करतात ते आठव. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली. मग चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून त्यांच्या धगीला ती उभी लावायची आणि फुगेपर्यंत कडेकडेने फिरवत राहायची. तोवर तव्यावर दुसरी पडलेली असते. म्हणजे चुलीचं तोंड रुंद हवं आणि पुढ्यात निखाऱ्यांना जागा हवी.

तुझ्या पहिल्या फोटोतली रॉकेट चूल म्हणजे लॅरी विनियार्स्की या अमेरिकन माणसाने 1980च्या दशकात मांडलेली रचना. आत काटकोनात वळलेली नळी. लाकूड खालून आडवं सारायचं, जाळ उभ्या नळीतून वर खेचला जातो. नळीभोवती धग धरून ठेवणारा थर असतो, त्यामुळे बराचसा धूर आतच जळून जातो. लाकूड कमी लागतं, फुंकणीला फारसा हात लावावा लागत नाही. पाण्याचा तोप चढवायला झकास. पण निखारे नळीच्या आत राहतात, बाहेर ओढले की जाळ पडला. शिवाय सगळी धग तव्याच्या मधोमध, म्हणून भाकरी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते. बिडाचा जाड तवा असेल तर थोडं सावरतं, इतकंच.

दुसरी, पंख्याची. धूर सर्वांत कमी हिचाच, यात वाद नाही. पण तिला लाकडाचे बारीक, सुके तुकडे लागतात. काकींच्या मागील दारी काय असतं? काजूची फाटी, आंब्याच्या ढलप्या, नारळाची सोडणं, झावळ्या. कोयता घेऊन रोज त्याचे तुकडे कोण पाडणार? तू दर महिन्याला येऊन पाडणार असशील तर जरूर घे. त्यात पंख्याला चार्जिंग, आणि पावसाळ्यात गावची वीज तुला माहीत आहे.

तिसरी नुसती पत्र्याची शेगडी आहे, तिच्यावर शाई घालवत नाही.

धुराड्याचंही विचारलंस. सरकारने 1983-84 पासून सुधारित चुलींचा कार्यक्रम चालवला, 2002 मध्ये तो केंद्राने बंद केला. आमच्या वाडीत तेव्हाच्या धुराड्याच्या चुली होत्या. काजळी कुणी काढली नाही, नळी बुजली आणि धूर परत घरात. धुराने वासे टिकतात असं म्हातारी माणसं म्हणतात. वासे टिकत असतीलही, काकींच्या छातीचं काय?

तेव्हा माझं मत असं. न्हाणीसाठी रॉकेट घे आणि ती पडवीत, उघड्यावर ठेव. भाकरीची मातीची चूल मोडू नकोस. तिच्यात लाकडाखाली लोखंडी जाळी बसव, म्हणजे खालून वारा लागतो आणि जाळ स्वच्छ होतो. वर धुराडं घाल, पण पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमाराला ते साफ करायचं काम तुझं. सरपण मात्र पाऊस लागायच्या आत माळ्यावर चढलं पाहिजे. ओल्या लाकडापुढे कुठलीच चूल टिकत नाही.

रॉकेट घेताना आतली नळी कशाची आहे ते विचार. पातळ पत्रा जळून जातो, आणि नळी बदलून मिळते का हेही आधीच कळलेलं बरं. तोप भरून ठेवला की चूल डुगडुगता कामा नये. शनिवारी मी तुमच्या घरावरूनच पुढे जाणार आहे. तोपाचं बूड मोजतो, काकींशीही बोलतो आणि रात्री फोन करतो. तोवर पैसे भरू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनू