चेटकिणींचा हा सिनेमा भयपटांच्या रकान्यात नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हॅलोविनच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत चित्रपटांची यादी आली. तीत १९९३चा ‘होकस पोकस’ भयपटांच्या रकान्यात आहे आणि ‘पडलेला, पण नशिबाने वर आलेला सिनेमा’ अशी त्याची एका ओळीत बोळवण केली आहे. तो भयपट नाही, आणि तीस वर्षे टिकला यात नशिबाचा भाग फार थोडा आहे.

तो पडला याचे कारण सरळ आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री घडणारी ही गोष्ट डिस्नेने १६ जुलै १९९३ रोजी, ऐन उन्हाळी सुट्टीत प्रदर्शित केली. त्याच शुक्रवारी ‘फ्री विली’ आला होता आणि ‘ज्युरासिक पार्क’ अजून गर्दी खेचत होता. ऑक्टोबरची जागा डिस्नेच्याच दुसऱ्या चित्रपटाकडे गेली होती. सुमारे २.८ कोटी डॉलर खर्चाच्या सिनेमाने अमेरिकेत जेमतेम ३.९ कोटींचा गल्ला जमवला. चित्रपटगृहांचा वाटा वजा केला तर हा तोट्याचाच हिशेब. पुढे डिस्ने चॅनेलने आणि १९९८पासून सुरू झालेल्या ‘१३ नाइट्स ऑफ हॅलोविन’ या टीव्हीवरच्या वार्षिक चित्रपटमालेने तो योग्य महिन्यात आणला. दिवाळी अंक उन्हाळ्यात निघाला असता तर त्याचे जे झाले असते तेच याचे जुलैत झाले होते.

पण दर ऑक्टोबरला टीव्हीवर डझनावारी सिनेमे लागतात आणि विसरले जातात. मग हाच का राहिला?

पहिले कारण म्हणजे गोष्टीचे नियम. अमेरिकेतल्या सालेम गावात १६९३मध्ये तीन चेटकिणींना, सँडरसन बहिणींना, फाशी दिली जाते. काळ्या ज्योतीची मेणबत्ती कुणा ‘कुमार’, म्हणजे शरीरसंबंधाचा अनुभव नसलेल्या व्यक्तीने पौर्णिमेच्या हॅलोविनच्या रात्री पेटवली तर त्या परत येतील, पण त्या एका रात्रीपुरत्याच. सूर्य उगवण्याआधी मुलांचा प्राण शोषून घेतला नाही तर त्यांची माती होणार. पवित्र भूमीवर, म्हणजे दफनभूमीत, त्यांना पाऊल टाकता येत नाही. मिठाचे रिंगण त्यांना ओलांडता येत नाही. हे सगळे आधीच सांगून टाकले आहे आणि शेवटी त्यातला एकेक नियम उपयोगात येतो. थोरली बहीण विनिफ्रेड दफनभूमीत पडते आणि दगड होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला पुढे काय होणार याचा अंदाज बांधता येतो आणि तो बरोबर निघतो. दुसऱ्यांदा पाहताना मजा वाढते ती यामुळेच. मिठाचे तर मराठी घरात समजावून सांगावेच लागत नाही; मीठ-मोहरी उतरवून दृष्ट काढताना मुलांनी पाहिलेले असते.

दुसरे कारण मोठे आहे: त्या तिघींचे देहबोलीवरचे काम. बेट मिडलर, सारा जेसिका पार्कर आणि कॅथी नजिमी. दिग्दर्शक केनी ऑर्टेगा मुळात नृत्यदिग्दर्शक, ‘डर्टी डान्सिंग’चे नृत्य त्यांचेच. म्हणून त्या तिघी चालतात तेव्हा एकच सहा पायांचा प्राणी चालल्यासारखे वाटते. मोठी पुढे, ओठांच्या मधोमध चिमुकली लाली लावलेली. मधली तोंड एका बाजूला वाकडे करून मुलांचा वास हुंगणारी. धाकटी आपल्याच तंद्रीत नाचणारी. आवाज बंद करून पाहा, कोण कोण आहे ते लगेच कळते. डांबरी रस्त्याला काळी नदी समजून त्या थबकतात, झाडू चोरीला गेल्यावर एक फरशी पुसायच्या दांड्यावर आणि दुसरी व्हॅक्यूम क्लीनरवर बसून उडते. या विनोदाला भाषांतर लागत नाही. आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण याच जातीची. दिलीप प्रभावळकरांनी ती गाजवली आणि पुढच्या पिढीत वैभव मांगलेंच्या चेटकिणीला मुलांनी तसेच डोक्यावर घेतले. मुलांना घाबरायचे असते, पण हसत.

तिसरे कारण वेशाचे, आणि यादीत त्याचा उल्लेखही नाही. हिरवा, लाल, जांभळा अशा तीन रंगांत तीन मैत्रिणींचा गट तयार होतो, तोही घरातल्या कपड्यांत. विनिफ्रेडच्या केसांसाठी साध्या हेअरबँडवर पातळ तारेचे दोन गोल घुमट शेजारी शेजारी बांधायचे आणि त्यावर नारिंगी-लाल लोकर गुंडाळायची. नुसता पुठ्ठा वापरला तर घामाने वाकतो. सगळे वजन माथ्यावर आल्याने हा डोलारा मागे कलंडतो, म्हणून बँडच्या दोन्ही टोकांना इलास्टिक लावून ते मानेवरून, केसांखालून घ्यावे. मधल्या बहिणीच्या, मेरीच्या, केसांच्या उभ्या शंकूसाठी अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली माथ्यावर किंचित तिरकी ठेवून तिच्याभोवती केस वर ओढून बांधावेत. त्या दिवशी केसांना तेल नको, पिना सटकतात. पुढे आलेले नकली दात मुलांना देऊ नयेत. बोलता येत नाही आणि तासाभरात लाळेने हैराण होतात. झग्यासाठी जुनी ओढणी चालते, पण खालची कड जमिनीपासून वीतभर वर हवी, नाहीतर जिन्यावर पाय अडकतो. आणि ओढणी सुतीच घ्या. २०२४मध्ये हॅलोविन आणि नरक चतुर्दशी एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आली होती. परदेशातल्या मराठी घरांत दारात पणत्या आणि अंगात झगे अशी संध्याकाळ पुन्हा येईलच. नायलॉनचे कापड ज्योतीला लागले तर वितळून अंगाला चिकटते.

यादीतले इतर दोन सिनेमेही एका मापाने मोजू नयेत. १९९८चा ‘हॅलोविनटाउन’ पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही दाखवता येतो. डेबी रेनॉल्ड्सची चेटकीण आजी खरोखर आजीसारखी आहे. तो जिथे चित्रित झाला त्या ओरेगनमधल्या सेंट हेलेन्स गावात आजही दर ऑक्टोबरला त्याचा उत्सव भरतो. उलट १९९०चा ‘द विचेस’ कुटुंबासाठीचा म्हटला जात असला तरी चेटकिणी मुखवटे उतरवतात तो प्रसंग लहानांची झोप उडवणारा आहे. तो दहा वर्षांच्या पुढच्या मुलांनाच.

एका शब्दाबद्दल मात्र तक्रार आहे. लेखात या पात्रांना ‘डाकिणी’ म्हटले आहे. बालरंगभूमीचा शब्द ‘चेटकीण’ आहे. ‘डाकीण’ हा शब्द सातपुड्यात आजही जिवंत बायकांवर आरोप म्हणून फेकला जातो, आणि महाराष्ट्राला २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. सालेमचे दुःखही तेच. तिथे १६९२मध्ये १९ जणांना फाशी झाली, एकाला दगडांखाली चिरडून मारले, आणि त्यातले कुणीही चेटूक करणारे नव्हते. शिक्षा झालेल्यांपैकी शेवटचे नाव, एलिझाबेथ जॉन्सन, २०२२मध्ये निर्दोष ठरले, तेही आठवीच्या एका वर्गाने पाठपुरावा केला म्हणून. ‘होकस पोकस’चा दुसरा भाग त्याच वर्षी आला. सिनेमातल्या बहिणी काल्पनिक आहेत आणि खऱ्या बायका निरपराध होत्या, हे मुलांना सिनेमा सुरू होण्याआधीच सांगावे. मध्येच थांबवून सांगितले तर दोन्ही बिघडते.

पुढच्या ऑक्टोबरात यादी छापाल तेव्हा पालकांना उपयोगी पडेल इतकी माहिती कृपया द्यावी: लांबी ९६ मिनिटे. सुरुवातीलाच एका लहान मुलीचा प्राण जातो, तिचा भाऊ मांजर होतो आणि बहिणींना फाशी होते. हळवे मूल असेल तर तेवढा भाग मांडीवर घेऊन पाहावा. मांजर बसखाली येते, पण काही क्षणांत पुन्हा उठते. तोंड शिवलेले प्रेत शेवटी मुलांच्याच बाजूचे निघते. आणि मेणबत्ती पेटवणारा ‘कुमार’ आहे यावरून चित्रपटभर थट्टा चालते, तेव्हा ‘म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर घरातल्या मोठ्यांनी आधीच ठरवून ठेवावे.

आपला नियमित वाचक,
ठाणे